फक्त बंद पडलेले

दुकान जिन्याखाली होतं. ताठ उभं राहिलं की डोक्याला वरची पायरी लागायची, म्हणून गिऱ्हाईक आपोआपच वाकून आत यायचं. बाहेर पत्र्याची पाटी होती. तिच्यावर एवढंच लिहिलेलं: ‘फक्त बंद पडलेले कॉम्प्युटर’.

पाटी तिने स्वतः रंगवली होती आणि ती शब्दाला शब्द खरी होती. कुणी म्हणालं, “मावशी, हळू चालतोय हो,” की ती मान वर न करता विचारायची, “चालतोय ना? मग चालू द्या की.” प्रिंटर, व्हायरस, विसरलेला पासवर्ड, उडालेले फोटो, यातल्या कशालाही ती हात लावत नसे. बटण दाबल्यावर ज्यातून हूं की चूं निघत नाही, तेवढाच तिचा. त्यावरून गल्लीने तिचं नाव ठेवलं होतं बंदमावशी. तोंडावर सगळे नुसतं ‘मावशी’ म्हणायचे.

उमेदीची सगळी वर्षं तिने एका कारखान्यात काढली होती. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, तिथे तयार व्हायचा. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंग गन, आणि भिंतीपलीकडे तार गुंडाळणाऱ्या यंत्रांचा असा घोंगाट, की शेजारणीला ‘सरक’ म्हणायचं तरी ओरडावं लागे. ओरडलं नाही तर झोप यायची. म्हणून तिथल्या बायका हातातलं काम मोठ्याने सांगत सांगत करायच्या: हा पाय इथे, हा पाय तिथे, हा थेंब पडला. कारखाना सुटला तरी मावशीची ती खोड सुटली नाही.

सुटला म्हणजे बंदच झाला. शेवटच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं वाटली. मावशीने घड्याळ परत केलं आणि आपल्या टेबलावरची सोल्डरिंग गन मागून घेतली. साहेबांना वाटलं, आठवण म्हणून नेतेय. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं की दुकान काढते. तो हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करायचा. दिवसभर चादरींच्या वाफेत राहून त्याच्या तोंडचे शब्द आटलेच होते. तो म्हणाला, “काढ.” झाला विचारविनिमय.

बंद पडलेलं यंत्र समोर आलं की मावशी आधी यंत्राकडे बघतच नसे. आणणाऱ्याला दोन प्रश्न विचारायची. शेवटचा नीट चालला तो कधी? आणि त्यानंतर कुणी हात लावला? पहिल्याचं उत्तर लोक आठवून आठवून द्यायचे. दुसऱ्याचं सगळ्यांचं एकच, “कुणीच नाही. आपोआप बंद पडला.” मावशी मान डोलवायची आणि स्क्रू काढायला घ्यायची. आत मग काय काय सापडे! एका वकिलाच्या कॉम्प्युटरमध्ये पेपर लावायच्या टाचण्या निघाल्या. एका दवाखान्यातला कॉम्प्युटर रोज दुपारी मरायचा आणि संध्याकाळी जिवंत व्हायचा. नर्सबाई त्याचा प्लग काढून तिथे आपली किटली लावत होती. मावशीने डॉक्टरांना सांगितलं, “ह्या सॉकेटचा भरवसा नाही, कॉम्प्युटर त्या भिंतीला न्या.” किटलीचं नाव काढलं नाही. यात तिचा काही मोठेपणा नव्हता. काय बिघडलंय हे शोधायचं काम आपलं, कुणी बिघडवलं हे शोधायला दुसरी माणसं आहेत, असा सरळ हिशोब. आणि दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडलं की दुपारचं जेवण थंड होतं, हा अनुभव.

तर, पंचांचा निरोप आला तेव्हाही ती नेहमीसारखीच पिशवी उचलून निघाली.

पंच म्हणजे शाळेतले कवायतीचे निवृत्त मास्तर. सुट्टीच्या दिवशी मैदानावर फुटबॉलचे पंच असत, म्हणून ते नाव पडलं आणि मास्तरकी संपली तरी नाव राहिलं. उंच, ताठ, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्यानंतर शिट्टी वाजल्यासारखं वाटावं. एकदा निर्णय दिला की दिला. मैदानावर लोक त्यांना मानायचे, कारण ते कुणाचीच बाजू घेत नसत. घरात ते तितकं सोयीचं नव्हतं, असं त्यांची बायको म्हणायची. तिला सगळे काकू म्हणत.

पंचांनी दारातच सुरुवात केली. “बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. दिवा नाही, पंखा नाही.”

“शेवटचा नीट कधी चालला?”

“मागच्या आठवड्यात. मुलाशी बोललो तेव्हा.”

“त्यानंतर कुणी हात लावला?”

“कोण लावणार? घरात आम्ही दोघंच.”

काकू खिडकीपाशी बसून पडद्याला शिवण घालत होत्या. त्या म्हणाल्या, “या मावशी. पाणी देऊ?” आणि पुन्हा खाली बघून टाके घालू लागल्या.

मावशीने बैठक मारली. टेबलावरचा दिवा काढून त्याचा प्लग कॉम्प्युटरच्या सॉकेटमध्ये लावला. दिवा लागला. “सॉकेटात वीज आहे,” ती मोठ्याने म्हणाली. मग पिशवीतून आपली केबल काढून जोडली, बटण दाबलं. काही नाही. “केबलचा दोष नाही.” मागे हात घालून छोटा स्विच चाचपला. कधीकधी झाडताना धक्का लागून तो बंद होतो आणि घरभर हाहाकार होतो. तो चालूच होता. मग तिने केबल काढली, बटण थोडा वेळ दाबून धरलं, आत साठून राहिलेली वीज जिरवली, आणि खोक्याचा बाजूचा पत्रा उघडला.

पंच तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांना गप्प बसून दुसऱ्याचं काम बघायची सवय नव्हती.

“मुलगा दर आठवड्याला दिसतो यावर,” ते म्हणाले. “मोबाईलवर मला दिसत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करायचंय. त्या एवढ्याशा काचेत तोंड आहे का टोमॅटो आहे, कळत नाही. इथे मोठा दिसतो. दाढी केली की नाही, तेही दिसतं.”

“बरं असतं ते,” मावशी म्हणाली आणि पॉवर सप्लायच्या तारांचा जाड कनेक्टर आतल्या बोर्डावरून काढला.

“सरकारी मोजणी खात्यात होता. कायमची नोकरी. सोडली. आता भाड्याच्या खोलीत अळंबी लावतो. दोन डिग्र्या घेतल्या आणि अंधारात छत्र्या पिकवत बसलाय. मी म्हणतो, परत जा, हातापाया पड, घेतील. तो म्हणतो, विषय बदला. मी कशाला बदलू? विषय तोच आहे ना?”

काकूंच्या हातातली कात्री टेबलावर जरा जोरात ठेवली गेली.

मावशीने केबल परत लावली, वाकवलेला तारेचा तुकडा घेतला आणि त्या कनेक्टरमध्ये हिरव्या तारेचं भोक काळ्या तारेच्या भोकाला जोडलं. डब्यातला पंखा भर्रकन फिरला. “हा बरा आहे,” ती म्हणाली. कुठलाही पॉवर सप्लाय बरा निघाला की तिला नात्यातलं माणूस बरं असल्यासारखं वाटायचं.

“म्हणजे झाला?” पंच पुढे वाकले.

“अजून कुठे? वीज दारापर्यंत आलीय, आत कुणी घेत नाहीये. थांबा.” तिने कनेक्टर परत बसवला. बोर्डाच्या कोपऱ्यात पिनांची छोटी रांग होती. त्यातल्या दोन पिनांना तिने स्क्रू ड्रायव्हरचं टोक अलगद टेकवलं. आणि कॉम्प्युटर चालू झाला. पंखा घुमला, पडद्यावर अक्षरं आली.

“वा!” पंच उभेच राहिले.

“मी चालू केला. बटणाने चालायला हवा. म्हणजे बोर्ड चांगला आहे, आणि बटणाकडून इथपर्यंत निरोप येत नाहीये, एवढंच.” तिने तो पुन्हा बंद केला.

पंचांना एवढंच पुरे होतं. निर्णय लागला. “मग आता पाच मिनिटांचं काम! आज बोलायचा दिवस आहे. मी शर्ट बदलून येतो. बनियनवर दिसलो की हसतो तो.” ते आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा, हँगर खणखणल्याचा आवाज आला.

बटणाची तार म्हणजे दोन पदरांची, शेवटी इवलीशी काळी टोपी असलेली. ती पिनांवरून निसटली असती तर तिथेच कुठेतरी लोंबकळत असती. मावशीला ती लोंबकळताना दिसली नाही. तिने बोटाने मागोवा घेतला. तार पुढच्या बटणाकडून आली होती, आणि मग मागे वळवून, घडी घालून, पत्र्याच्या पट्टीमागे सारून ठेवलेली होती. सुटू नये म्हणून तिला दोरा बांधलेला होता. दोरा जांभळा, दुहेरी. गाठ लहान, घट्ट, टोकं जवळून कापलेली.

मावशी ज्या पद्धतीने काम करायची, त्यात आता मोठ्याने म्हणायला हवं होतं, “तार सापडली.” ती बोलली नाही. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच तिचे हात चालू होते आणि तोंड बंद होतं. ती शांतता खिडकीपाशी बरोबर ऐकू गेली.

काकू पडदा बाजूला ठेवून जवळ आल्या. सुईत जांभळा दोरा तसाच लोंबत होता.

“सापडली ना?” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“सापडली.”

“तुम्हीच दाखवली होती मला. मागे धुळीने बंद पडला म्हणून आलात तेव्हा मी बॅटरी धरली होती. तुम्ही म्हणालात, ही बघा काकू, एवढीशी तार, ही निघाली की बटण नुसतं शोभेचं.”

मावशीला आठवलं. तसं ती सगळ्यांनाच म्हणायची.

“आता ऐका,” काकूंनी दाराकडे बघितलं. “मागच्या वेळी दोघांचं फार झालं. हे म्हणाले, तुझ्या अळंब्यांना आग लाव. तो म्हणाला, बाबा, पुढच्या वेळी हेच बोललात तर मी फोन घेणं बंद करीन. तो बोलतो तसं करतो. बापावरच गेलाय. आणि हे पुढच्या वेळी हेच बोलणार. मला काय, मी स्वयंपाकघरातून मोबाईलवर बोलते त्याच्याशी. पण ह्यांचं तुटलं की तुटलं. म्हटलं, बोलणंच होऊ नये काही दिवस. न बोललेलं परत बोलता येतं.” त्यांनी सुई पदराला टोचली. “तुम्ही सांगा, पार्ट मिळत नाही. महिनाभर लागेल. तुमचा शब्द ते मानतील.”

मावशीने दोऱ्याची गाठ बोटाने चाचपली. तिला काकूंचं म्हणणं पटत होतं. नर्सबाईची किटली तिने पोटात घातली होती, हेही खरं. पण तिथे तिने यंत्राबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. चांगल्या यंत्राला बिघडलेलं म्हणणं तिला जमणारं नव्हतं, जसं काही माणसांना बसमध्ये आधी बसलेल्याला जागेवरून उठवणं जमत नाही.

“काकू, बंद यंत्र मी बंद ठेवून जात नाही,” ती म्हणाली. “तार लावते. कुणी काढली, ते माझ्या तोंडून जाणार नाही. पुढचं तुमचं तुम्ही.”

“मग उपयोग काय?”

“तेही खरंच.”

तिने दोरा कापला आणि तार पिनांवर बसवली. दोऱ्याचा तुकडा कुठे टाकावा हे न कळून तिने तो खिशात घातला. काकू तिथेच उभ्या राहिल्या, खिडकीकडे परत गेल्या नाहीत.

पंच आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस ओले करून मागे बसवून. त्यांनी स्वतः बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला.

“काय झालं होतं?”

“बटणाची तार निघाली होती.”

“कशी काय निघाली?”

मावशी पत्र्याचे स्क्रू गोळा करत राहिली. “ते यंत्र सांगत नाही.”

“अहो,” काकू म्हणाल्या, “मी काढली.”

पंचांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग त्या खोक्याकडे. मैदानावर दोन खेळाडूंची धडक झाली की पंच क्षणभर असेच बघत असतील, चूक कुणाची ते ठरवत. काकूंनी कारण सांगितलं. रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. दूध नासल्याचं सांगावं तसं सांगितलं. मावशीला तिथून उठायचं होतं, पण मांडीवर उघडा पत्रा होता आणि बोटांत स्क्रू होते.

पंचांनी वाकून उघड्या खोक्यात पाहिलं. मग त्यांनी भलताच प्रश्न विचारला. “पण तुला कळलं कसं, कुठली तार काढायची?”

काकूंनी मावशीकडे बोट दाखवलं. “ह्यांची शिकवणी.”

मावशीचे कान तापले. “मी आपली बोलत असते,” ती पुटपुटली.

पंच खुर्चीत बसले. शर्टाची इस्त्री पोटावर मोडली. ते म्हणाले, “मला माहीत आहे मी काय बोलतो ते. तो पडद्यावर आला की आधी मी नुसता बघतो. बारीक झालाय, डोळे ओढलेत. मग आतून काहीतरी येतं, आणि तोंडातून नोकरीच बाहेर पडते. दुसरं काही पडतच नाही.”

हे ते कुणाला सांगत होते, ते नीट कळत नव्हतं. काकूंनी पदराची सुई काढून परत टोचली.

मग पंच एकदम मावशीकडे वळले. “ह्यात माझ्या आवाजाची तार कुठली?”

“काय?”

“त्याचं मला ऐकू यावं, तो दिसावा. माझं त्याला जाऊ नये. अशी तार असेल ना एखादी?”

हे मावशीच्या पाटीत बसणारं काम नव्हतं. चालू कॉम्प्युटरला तिने हात लावल्याला जमाना झाला होता. पण टेबलावर जुन्या धाटणीचा, वेगळा, मान वाकवता येणारा माइक होता, आणि त्याची तार खोक्याच्या मागे जात होती. तिने खोकं फिरवलं. “ही गुलाबी पिन. माइकची. हिरवीला हात लावू नका, तिच्यातून त्याचं ऐकू येतं.”

पंचांनी डोळे बारीक करून पाहिलं, बोटांनी चाचपलं आणि गुलाबी पिन स्वतः उपटली. मग तो माइक उचलून पुस्तकांच्या कपाटावर, हात सहज पोचणार नाही असा, ठेवला. मावशीने पत्रा लावला, स्क्रू आवळले आणि पाणी पिऊन ती निघाली. त्यांचं बोलणं सुरू व्हायच्या आत तिला जिना उतरायचा होता.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, “मग तू काय केलंस?”

“तार लावली.”

“बरं केलंस,” तो म्हणाला आणि ताट धुवायला उठला.

त्यानंतर काही दिवस मावशीने गप्प राहून काम करून बघितलं. आपली बडबड कोण कशी वापरील याचा नेम नाही, असं तिला वाटलं. पण जमेना. एकदा उलटी केबल खुपसली, एकदा चालू पॉवर सप्लायवर हात ठेवून चांगला झटका खाल्ला. मग तिने तो नाद सोडला आणि पुन्हा मोठ्याने सुरू केलं, फक्त शेजारी बॅटरी धरून कोण उभं आहे ते आधी बघायला लागली.

पंचांच्या घरचं पुढचं तिला काकूंकडून तुकड्यातुकड्याने कळलं. काकू बाजारात जाताना जिन्याखाली डोकावायच्या. त्या पहिल्या दिवशी मुलगा म्हणाला होता, बाबा, तुमचा आवाज येत नाहीये. पंचांनी तोंडाकडे बोट दाखवून हात हलवला. काकू मध्ये बोलायला गेल्या, तर त्यांना हाताने थांबवलं. समोर कुणी अडवणारं नाही म्हटल्यावर मुलगा बोलत सुटला. पेंढा कसा भिजवतो, खोलीत ओल किती लागते, बुरशी आली की सगळं कसं फेकून द्यावं लागतं. मग फोन हातात घेऊन त्याने खोलीच फिरवून दाखवली. छताला टांगलेल्या पिशव्या, आणि त्यांतून फुटलेले पांढरे गुच्छ. पंच पडद्याला नाक लावून बघत होते. मधूनमधून मांडीवर बुक्की मारत होते.

“शब्द आत कोंडले की असं होतं,” काकू म्हणाल्या. “मला वाटलं, मांडी काळीनिळी होणार.”

असं किती वेळा झालं कोण जाणे. पुढे कधीतरी माइक कपाटावरून खाली आला. पिन कुणी लावली, काकूंनी सांगितलं नाही. मुलगा नोकरीवर परत गेला नाही. अळंबीचं पहिलं पीक बुरशीने गेलं. दुसरं बरं आलं. ते ऐकून पंच म्हणाले म्हणे, की पहिल्या हाफात गोल खाल्ला म्हणून कुणी मैदान सोडत नाही. हे कौतुक होतं की टोमणा, हे काकूंनाही ठरवता आलं नव्हतं. मुलाने ते कौतुक म्हणून घेतलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मुलगा आला. बऱ्याच दिवसांनी आला. काकू त्या दिवशी मुद्दाम जिन्याखाली वाकून आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. मावशीच्या मांडीवर एका शाळेचा मेलेला कॉम्प्युटर होता.

“मग? भांडले का?” मावशीने विचारलं.

“भांडले तर! डोळ्यात थेंब आधी कुठले घालायचे यावरून. हे म्हणतात निळी बाटली, तो म्हणतो कागद वाचा. हे म्हणाले, मला वाचता येत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं! मग नोकरीवर गेलं, मग अळंबीवर गेलं. तो ताडकन उठला आणि दार आपटून निघून गेला.”

“अरे देवा. मग?”

“मग काय,” काकू म्हणाल्या आणि पिशवीतली भाजी सारखी करू लागल्या. “तासाभराने भूक लागली, आला परत. हे थेंबांच्या दोन्ही बाटल्या हातात घेऊन दारातच बसले होते. आता झोपलेत दोघं. मी म्हटलं, तेवढ्यात बाजार उरकून घेते.”